तयार गाळ्याच्या बाजूनं

"टेम्प्लेट म्हणजे उसना सदरा. ब्रँड व्हायचं असेल, तर साइट पायापासून स्वतःची बांधून घ्या." लघुउद्योजकांच्या एका मेळाव्यात व्यासपीठावरून हे सांगितलं गेलं, तेव्हा मी माझ्या मावशीशेजारी बसलो होतो. मावशी सांगलीत हळद, मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला करून विकते. आमच्या मागंपुढं पापडवाल्या, लोणचीवाल्या, गोधड्या शिवणाऱ्या बायका आणि चपलांचे दोन-तीन कारागीर होते. वाक्याला टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांनी ते वहीत उतरवून घेतलं, मावशीनंही घेतलं. परतताना एसटीत तिनं मला विचारलं, "पायापासून बांधायला किती पैसे लागतील रे?"

ती असं का विचारत होती हे मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑनलाइन दुकानासाठी तयार थीम, म्हणजे असलंच टेम्प्लेट, मीच निवडली होती आणि ती निवड चुकली होती. वक्त्याचं म्हणणं तिला पटलं, कारण ते तिच्या अनुभवाशी जुळत होतं. म्हणून हा लेख लिहितोय. वक्ते आपल्या कामात वाकबगार आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी दिलेला सल्ला त्या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकासाठी चुकीचा होता, आणि तो पाळायला निघालेल्या माणसाचं पहिलं भांडवल त्यात जातं.

मुळात उपमाच चुकली आहे. तयार थीम हा तयार गाळा आहे. बाजारात गाळा घेताना शटर असतं, ओटा असतो, मागं माल ठेवायला जागा असते, विजेचं मीटर असतं. फळ्या कुठं मारायच्या, पाटीवर काय लिहायचं, दर्शनी भागात कोणता माल मांडायचा, हे दुकानदार ठरवतो. शेजारच्या गाळ्याचं शटरही तसंच आहे म्हणून कुणी बाजारपेठ पाडून नव्यानं बांधायला काढत नाही. आणि दोन गाळ्यांचं माप सारखं आहे म्हणून गिऱ्हाईक सोनाराच्या दुकानात किराणा मागत नाही.

"सगळी दुकानं सारखी दिसतात" हा आक्षेप त्या भाषणात तीन वेळा आला. मी विचारतो, त्यानं बिघडलं काय? पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या साड्यांच्या दुकानांत जा. चपला कुठं काढायच्या, गादीवर कुठं टेकायचं, माल कुणाला दाखवायला सांगायचा, पैसे कोणत्या कोपऱ्यात द्यायचे, हे पहिल्यांदा आलेल्या बाईलाही सांगावं लागत नाही, कारण शेजारच्या दुकानात तिनं ते पाहिलेलं असतं. मांडणी ओळखीची असल्यामुळे तिचं सगळं लक्ष साडीवर राहतं. संकेतस्थळांच्या वापराचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या जेकब नील्सन यांनी हीच गोष्ट नियम म्हणून मांडली आहे: लोकांचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर जातो, म्हणून तुमची साइटही त्यांना सवय असलेल्या साइटसारखी चालावी अशी त्यांची अपेक्षा असते. पिशवीचं चिन्ह वर उजवीकडे असतं, किंमत नावाखाली असते, फोटोवर बोट ठेवलं की तो मोठा होतो. ही सवय गिऱ्हाइकाला मोठ्या कंपन्यांनी लावून दिली आहे, आणि तयार थीम तिचा फायदा छोट्या दुकानदाराला फुकटात मिळवून देते. वेगळेपणाच्या हौसेपायी पिशवी डाव्या कोपऱ्यात खाली नेऊन ठेवणारा डिझायनर मसाल्याची ओळख वाढवत नाही, तो फक्त गिऱ्हाइकाला शोधाशोध करायला लावतो.

या क्षेत्राचा इतिहासही वक्त्यांच्या बाजूनं बोलत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात टोबियास ल्यूटके आणि त्यांच्या जोडीदारांनी २००४ मध्ये 'स्नोडेव्हिल' नावाचं स्नोबोर्ड विकणारं ऑनलाइन दुकान काढलं. बाजारात मिळणारी साधनं त्यांना पसंत नव्हती. ल्यूटके स्वतः प्रोग्रामर, म्हणून त्यांनी दुकान अक्षरशः पायापासून बांधलं. पुढं काय झालं? स्नोबोर्ड मागं पडले आणि दुकानासाठी लिहिलेलं ते सॉफ्टवेअरच २००६ मध्ये 'शॉपिफाय' म्हणून बाहेर आलं. ज्याला स्वतः बांधता येत होतं आणि ज्यानं खरोखर बांधलं, त्यानं नंतरचं आयुष्य इतरांना ते बांधावं लागू नये यासाठी घातलं. २०११ मध्ये वर्डप्रेसवर 'वूकॉमर्स' आलं, त्यामागचा विचारही हाच: हिशेब, पिशवी, पैसे घेणं ही कामं एकदा नीट लिहून ठेवावीत आणि दुकानदारानं माल सांभाळावा.

"स्वतःचं बांधलेलं टिकतं" या दाव्याकडे आता येतो. माझ्या ओळखीचं एक जोडपं कोल्हापुरी चपला विकतं. त्यांनी अगदी असाच सल्ला मानून साइट बांधून घेतली. काम सात महिने चाललं. साइट देखणी झाली, हे मी मान्य करतो: चामडं कमावण्यापासून वेणी विणण्यापर्यंतची चित्रं एकातून एक उलगडत जायची. बांधणारा मुलगा हुशार होता, तो पुढं बंगळूरला नोकरीला गेला. वर्षभरात पेमेंट गेटवेनं आपली जुनी जोडणी बंद केली. तसं आगाऊ कळवणारी ईमेल आली होती, पण ती काय म्हणते हे घरात कुणालाच उमगलं नाही. दिवाळीच्या आठवड्यात लोक चपला निवडत होते, पत्ता भरत होते आणि शेवटच्या बटणापाशी अडकून परत जात होते. त्या मुलाला फोन केले. तो बिचारा रात्री नोकरीवरून आल्यावर बसायचा. बारा दिवस गेले. त्या वर्षी दिवाळीसाठी करून ठेवलेले जोड पाडव्यानंतर ओळखीच्या दुकानदाराला कमी भावात द्यावे लागले.

यात त्या मुलाचा दोष नाही. ऑनलाइन दुकानाखालची जमीन सतत हलत असते, हे मूळ कारण. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या कार्डाची माहिती स्वतःकडे साठवून ठेवायला मनाई केली. ब्राउझर बदलतात, फोनचे पडदे बदलतात, कराचे दर बदलतात. हजारो दुकानं जी थीम वापरतात तिच्यात असे बदल कुणीतरी करतं, कारण न केल्यास त्याचा धंदा बुडतो. फक्त तुमच्यासाठी लिहिलेल्या साइटमध्ये ते तुम्हालाच करून घ्यावे लागतात, दर वेळी पैसे मोजून आणि वेळेवर माणूस मिळाला तर. कोट्यवधींची उलाढाल असेल, हजारो प्रकारचा माल असेल, मापानुसार शिवून द्यायचा धंदा असेल, तर पदरी प्रोग्रामर ठेवा आणि जरूर स्वतःचं बांधा. मावशीकडे विकायला अकरा वस्तू आहेत.

इथवर मी वक्त्यांशी भांडलो. पण त्यांच्या एका मुद्द्यापुढे मी थांबतो, कारण तो खरा आहे. ते म्हणाले, या थीम आपल्यासाठी बनलेल्या नाहीत. अगदी खरं. बहुतेक थीम इंग्रजी लिपी, डॉलरची किंमत आणि परदेशी पत्ता डोळ्यांपुढे ठेवून बनलेल्या असतात. आपला माल त्यांत घातला की कुठं ना कुठं काचतंच. फरक इतकाच की त्यांना यावर उपाय म्हणून नवं बांधकाम सुचतं. मला वाटतं, उपाय आहे निवड, आणि ती आपल्याकडे फार वाईट पद्धतीनं होते. होते म्हणजे कशी, तर मी केली तशी.

मी डेमो पाहिला. डेमोमध्ये पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे एक मातीची सुरई होती आणि शेजारी चार अक्षरी इंग्रजी नाव. चित्रं कसलेल्या छायाचित्रकारानं काढलेली. डेमो बनवणाऱ्यानं नाव, फोटो, किंमत हे सगळं थीमला शोभेल असं निवडलेलं असतं. म्हणजे डेमो पाहताना आपण थीम बघतच नाही, तिच्यात घातलेल्या त्या सुरईच्या प्रेमात पडतो. मी ती थीम घेतली, मावशीचा माल भरला आणि आठ दिवसांत दुकान सुरू केलं.

मावशीच्या मालाची नावं अशी आहेत: 'घरगुती कांदा-लसूण मसाला, मध्यम तिखट, ५०० ग्रॅम' आणि 'घरगुती कांदा-लसूण मसाला, झणझणीत, ५०० ग्रॅम'. थीम नावाला एकच ओळ द्यायची. फोनवर दोन्ही मसाले 'घरगुती कांदा-लस…' एवढेच दिसायचे, शेजारीशेजारी, एकाच रंगाच्या पाकिटात. पहिल्या महिन्यात मुंबईच्या एका बाईंनी मागवलेला मसाला घरी पोचला आणि त्यांचा फोन आला. लहान मुलं होती घरात, भाजी कुणाच्या तोंडात जाईना. मावशीनं दुसरं पाकीट स्वतःच्या खर्चानं पाठवलं. असं त्या वर्षात सहा वेळा झालं. बाईंनी नीट वाचलं नाही असं म्हणणं सोपं होतं, पण वाचायला तिथं काही नव्हतंच.

तीच थीम शीर्षकांच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ती शोभते. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेनं बांधलेली असतात. मध्ये जागा घुसवली की रेषा तुटते आणि शब्द सुट्या विटांसारखा पडतो. 'मेतकूट' वाचताना डोळा तीनदा अडखळायचा. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं. इंग्रजी अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं, आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळींचं शीर्षक असलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर चढायचा, आणि जिथं चौकटीची उंची ठरलेली होती तिथं उकार कापलाच जायचा. मसाला करणाऱ्या बाईच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ तिच्याच दुकानात दिसू नये, हे मला अजून लागतं.

यावर "मग इंग्रजीत लिहा" असं सांगणारे भेटतात. त्यांना माझं उत्तर असं, की मावशीची गिऱ्हाइकं तिच्याकडे येतात तीच मुळी या शब्दांच्या ओढीनं. पुण्यामुंबईत राहणारी, दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारी माणसं 'मेतकूट' हा शब्द वाचून थांबतात. तो रोमन अक्षरांत लिहिला की चव निम्मी होते. आणि साधनं आता अपुरी नाहीत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' आणि 'बलू', इंडियन टाइप फाउंड्रीचा 'हिंद' आणि 'पॉपिन्स', हे सगळे फाँट देवनागरीसह फुकट मिळतात. पाहायचं एवढंच, की निवडलेल्या थीममध्ये फाँट बदलता येतो का, आणि अक्षरांमधली जागा शून्यावर आणता येते का. चांगल्या थीममध्ये ही एका ओळीची दुरुस्ती असते. ल आणि श मराठी वळणाचे हवेत असा आग्रह असलेल्यांनी, आणि तो असावा, फाँट निवडताना 'शेंगदाणा लाडू' हे दोन शब्द टाइप करून पाहावेत.

किमतीचीही तीच गत. येवल्याच्या पैठणीची किंमत आपण १,२५,००० लिहितो. परदेशी सवयीची थीम ती १२५,००० अशी दाखवते, आणि वाचणारी बाई स्वल्पविरामापाशी थबकते. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, काही जुन्या फाँटमध्ये ते नाहीच, तिथं रिकामी चौकट उमटते. पैशाच्या आकड्याशेजारी रिकामी चौकट दिसली तर मी तरी पुढं जाणार नाही.

पत्त्याचा रकाना हा मोठा विषय आहे, थोडक्यात सांगतो. थीम बहुधा आधी नाव, मग आडनाव, मग रस्ता, मग 'अपार्टमेंट, सूट', मग शहर, आणि सगळ्यात शेवटी पिन मागते. आपल्याकडे सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृत कवीही. त्या सहा आकड्यांत प्रदेश, जिल्ह्याचा टापू आणि शेवटी टपाल कार्यालय इतकं सगळं बसलेलं आहे. सांगलीचा ४१६४१६ टाकला की गाव आणि राज्य आपोआप भरता येतं. म्हणजे पिन आधी विचारला तर फोनवर टाइप करायचं काम निम्म्यानं घटतं. आणि 'जवळची खूण' हा रकाना हवाच. मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीशेजारी, याशिवाय कुरियरवाल्या पोराला घर सापडत नाही आणि पार्सल परत येतं. परत आलेल्या पार्सलचं जाण्यायेण्याचं भाडं दुकानदाराच्या माथी बसतं.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती सांगतो. दुकान सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी मावशीनं फोन माझ्यापुढे धरला. हळदीच्या फोटोखाली लिहून आलं होतं की आत्ता सतरा जण ही वस्तू पाहताहेत. तिनं विचारलं, "हे सतरा जण कोण?" मी तपासलं. कुणीच नव्हतं. थीमसोबत आलेली ती सोय दर काही सेकंदांनी मनानं एक आकडा काढून दाखवत होती. तिच्याखाली एक घड्याळ उलटं धावत होतं, 'सवलत संपायला ९ मिनिटं', आणि शून्यावर आलं की पुन्हा पंधरापासून सुरू. सवलत नव्हतीच. मी तिला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी ते काढ. आपण कुणाला खोटं सांगून हळद विकलेली नाही."

मी काढलं, पण अशा सोयी बऱ्याच थीमच्या जाहिरातीत गुण म्हणून मिरवल्या जातात, आणि नवखा दुकानदार त्या 'विक्री वाढवणाऱ्या' म्हणून चालू ठेवतो. त्याला कुणी सांगत नाही की ही साधी चलाखी राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत असे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत, आणि खोटी घाई निर्माण करणं हा त्यांतला पहिलाच. गिऱ्हाइकाला न विचारता पिशवीत जास्तीची वस्तू किंवा देणगी घालणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, हेही त्यात येतं. त्याआधीच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती घ्यायला बंदी केली आहे. म्हणजे परदेशात बसलेल्या कुणीतरी थीममध्ये घालून ठेवलेल्या घड्याळाबद्दल जाब सांगलीच्या मसालेवालीला विचारला जाऊ शकतो. ती कुणाला फसवायला निघालेली नसते. तिच्या नावानं तिचं दुकान फसवत असतं. थीम निवडताना मी आता पहिली ही गोष्ट पाहतो, आणि घड्याळ किंवा 'इतके जण पाहताहेत' हे ज्या थीममध्ये बंद करता येत नाही ती कितीही देखणी असली तरी सोडून देतो.

कायद्यानं दाखवायच्या गोष्टींना थीममध्ये जागा आहे का, हेही डेमोत कळत नाही. पाकीटबंद मालाचं निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि फोन. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. हे सगळं प्रॉडक्ट पेजवर सहज बसलं पाहिजे, बोट सरकवत तळाशी जाऊन बारीक राखाडी अक्षरांत शोधावं लागता कामा नये.

प्रॉडक्ट पेज म्हटलं तेव्हा आणखी एक गोष्ट. वक्त्यांनी अर्धा तास होमपेजवर घालवला. मोठा फोटो, सरकणारी चित्रं, ब्रँडची कहाणी. मावशीच्या दुकानात होमपेजवरून येणारी माणसं थोडी. बहुतेकांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवलेला असतो, 'हा मसाला बघ गं, छान आहे', आणि तो दुवा थेट त्या मसाल्याच्या पानावर उघडतो. तेच तिच्या दुकानाचं दार. म्हणून थीमचं होमपेज मी आता शेवटी पाहतो. आणि त्या दुव्याचीही एक खोड असते: साइटनं पत्त्यात मराठी अक्षरं तशीच ठेवली, तर व्हॉट्सॲपवर चिकटवताना बहुतेक वेळा त्यांची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. 'मसाला' या तीन अक्षरांची पंचेचाळीस चिन्हं होतात. असा दुवा पाहून लोक तो फसवणुकीचा समजतात. वर नाव मराठीत आणि पत्ता साध्या रोमन अक्षरांत, अशी सोय दुकानाच्या सेटिंगमध्ये आहे का ते विचारून घ्यावं.

थीमच्या वजनाचं फार सांगत नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे. शॉपिफायनं २०२१ मध्ये आणलेली 'डॉन' ही मोफत थीम दिसायला साधी आहे, पण हलकी आहे, आणि साधेपणामुळे तिला हिणवणाऱ्यांनी ती एकदा जुन्या फोनवर उघडून पाहावी. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, घराच्या आतल्या खोलीत जाऊन डेमो उघडा. सरकणाऱ्या चित्रांच्या थीम तिथंच गळतात.

या सगळ्या कसोट्या डिझायनरच्या हातात द्यायच्या का? माझं ठाम मत आहे, नाही. कोणत्या दोन वस्तूंची गल्लत होते, कोणत्या गिऱ्हाइकाला चष्मा लागतो, लोक फोन करून काय विचारतात, हे मावशीला माहीत आहे. डिझायनरला ते ठाऊक असायचं कारण नाही, आणि मला, तिच्या सख्ख्या भाच्यालाही, ते ठाऊक नव्हतं. निवड मालकानं करावी, जाणकारानं ती अमलात आणायला मदत करावी. बांधकामाचे पैसे वाचतील त्यांतून फोटो चांगले काढावेत: खिडकीच्या उजेडात, हळदीचा खरा रंग येईल असे, आणि एक तरी फोटो वजनकाट्यावर ठेवून, म्हणजे अर्धा किलो म्हणजे केवढं ते दिसेल.

मेळाव्याहून परत आल्यावर आम्ही तेच केलं. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसलो. पैसे भरण्याआधी थीम आपल्या मालासकट पाहता येते, तशा चार थीम आळीपाळीनं लावल्या आणि प्रत्येकीत तिच्या सगळ्यात लांब नावाचे ते दोन मसाले घातले. फोन तिच्या हातात, चष्मा काढून ठेवलेला. पहिल्या थीममध्ये नाव तुटलं. दुसरीत नाव पूर्ण आलं, पण उकार कापले गेले. तिसरी उघडेपर्यंत तिनं कुकर लावून घेतला. चौथी होती साधी, पांढरी, कसलीही हालचाल नसलेली. मावशीनं फोन लांब धरला आणि मोठ्यानं वाचलं, "घरगुती कांदा-लसूण मसाला, मध्यम तिखट, पाचशे ग्रॅम." मग खालचं झणझणीतवालं वाचलं. मग शेजारच्या काकूंना दुवा पाठवला आणि काही न सांगता एक पाकीट मागवून दाखवायला सांगितलं. काकूंनी आधी पिन टाकला, मग 'जवळची खूण' मध्ये आमच्याच घराचं नाव लिहिलं, आणि चार मिनिटांनी मावशीचा फोन वाजला. मध्यम तिखट, अर्धा किलो.